शिनानो: दहा दिवस टिकलेली महाकाय विमानवाहू नौका (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या शोकेसमध्ये एक राखाडी जहाज आहे, सव्वा फूट लांब, आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा येईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो आणि मग ठरलेले प्रश्न सुरू होतात. तेच तेच सांगून आता मलाच पाठ झालंय, म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतोय. ज्या क्रमाने लोक विचारतात जवळपास त्याच क्रमाने.

ही आपली विक्रांत का?

नाही हो. हा पहिला प्रश्न, दहातले आठ जण हाच विचारतात, आणि चूक त्यांची नाही, मुंबईत जुनी विक्रांत म्युझियम म्हणून उभी होती तेव्हा शाळेच्या सहलीतून निम्म्या महाराष्ट्राने ती पाहिलीय त्यामुळे सपाट डेकचं जहाज दिसलं की तोंडात विक्रांतच येतं. ही जपानची शिनानो, दुसऱ्या महायुद्धातली. जुनी विक्रांत साधारण २१३ मीटर लांब होती, ही २६६ मीटर. आत्ताची नवीन विक्रांत २६२ मीटरची आहे, म्हणजे लांबीला दोघी जवळपास सारख्या, पण वजनात शिनानो कितीतरी पुढे. पूर्ण भरल्यावर ती ७० हजार टनांच्या वर जायची. १९४४ साली! पुढे १९५५ मध्ये अमेरिकेची फॉरेस्टल येईपर्यंत जगात एवढी मोठी विमानवाहू नौका दुसरी नव्हती.

मग एवढ्या मोठ्या जहाजाचं नाव कोणाला माहीत का नाही?

कारण ती काही करायच्या आतच बुडाली. १९ नोव्हेंबर १९४४ ला नौदलात दाखल झाली आणि २९ नोव्हेंबरला समुद्राच्या तळाशी गेली, मोजून दहा दिवस. खऱ्या अर्थाने प्रवास म्हणाल तर एकच, आणि तोही पूर्ण झाला नाही, सतरा तासांत संपला. एक बॉम्ब नाही टाकला, एक विमान लढाईला नाही पाठवलं. पाणबुडीने बुडवलेली आजपर्यंतची सगळ्यात मोठी युद्धनौका हा एवढाच रेकॉर्ड तिच्या नावावर आहे.

मुळात ती विमानवाहू नव्हतीच असं ऐकलं, खरं का?

खरंय, आणि सगळ्या भानगडीचं मूळ तिथेच आहे. यामातो आणि मुसाशी ही जपानची दोन अवाढव्य बॅटलशिप, ४६ सेंटिमीटरच्या तोफा वगैरे, शिनानो त्यांची धाकटी बहीण. ४ मे १९४० ला योकोसुकाच्या नौदल कारखान्यात हिचं काम सुरू झालं, तेव्हा हीसुद्धा तोफांचीच होणार होती. मग जून १९४२ मध्ये मिडवेला अमेरिकेशी लढाई झाली आणि आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू अशा चार मोठ्या विमानवाहू नौका एका झटक्यात गेल्या. जपानी नौदलाला कळलं की आता तोफांची जहाजं काय कामाची, समुद्रावर राज्य विमानांचं आहे. पण नवीन विमानवाहू बांधायला वर्षं लागतात आणि इकडे गोदीत एक धूड अर्धवट पडलेलंय. मग काय, त्याच्यावरच डेक चढवायचा ठरलं.

असं करणारे ते एकटे नव्हते. आकागी आणि कागा यासुद्धा मुळात तोफांच्या जहाजांवरूनच झालेल्या, फक्त त्या शांततेच्या काळात सावकाश झाल्या. युद्धात जपानने जे हाताला लागेल ते वापरलं, प्रवासी जहाजांवरून हियो आणि जुन्यो बनवल्या, सीप्लेनची (पाण्यावर उतरणाऱ्या विमानांची) जहाजं चितोसे आणि चियोदा पार बदलून टाकली, इसे आणि ह्यूगा या जुन्या बॅटलशिपचा तर फक्त मागच्या तोफा काढून तिथे डेक बसवला, पुढे तोफा मागे विमानं, धड हे ना धड ते.

शिनानो नावाचा अर्थ काय?

शिनानो हा जपानचा जुना प्रांत, आजचा नागानो. तिकडे बॅटलशिपला प्रांतांची नावं द्यायची पद्धत होती, विमानवाहूंना मात्र उडणाऱ्या गोष्टींची, शोकाकु म्हणजे उडता क्रौंच, हिर्यू म्हणजे उडता ड्रॅगन. म्हणजे नाव ऐकूनच कळावं की ही बाई मूळची दुसऱ्या घरची. या नावामुळे पुढे अमेरिकनांची जाम गंमत झाली, ती खाली येईलच.

किती विमानं मावायची?

इथे लोक हिरमुसतात. फक्त ४७.

एवढ्या मोठ्या जहाजावर एवढीच कशी? तर तिचं कामच वेगळं ठरवलं होतं. बॅटलशिपचा सांगाडा आधीच खालपर्यंत तयार, त्यात मोठं हँगर (विमानं ठेवायची जागा) कोंबणं अवघड, म्हणून तिला एक प्रकारचा तरंगता डेपो करायचं ठरलं, दुसऱ्या नौकांची विमानं येऊन हिच्यावर उतरणार, पेट्रोल आणि बॉम्ब भरणार आणि परत लढाईवर जाणार. हायवेवरचा पंप समजा, पण चिलखत घातलेला. विमानांचा डेक ७५ मिलिमीटर पोलादाचा होता, ५०० किलोचा बॉम्ब वरून पडला तरी फुटू नये या हिशोबाने. विमानविरोधी तोफा आणि रॉकेटं तर डेकच्या कडेने नुसती खच्चून भरलेली. म्हणजे वरून येणाऱ्या संकटाची तयारी एकदम कडक. संकट आलं खालून.

एवढं मोठं काम गुप्त कसं ठेवलं?

सहा नंबरच्या सुक्या गोदीभोवती तीन बाजूंनी उंच कुंपण घातलं होतं, कामगारांना आवारातच डांबून ठेवलेलं, आणि बाहेर बोललात तर जीव जाईल अशी धमकी. अधिकृत फोटो काढायला मनाई. त्यामुळे आज तिचे धड फोटो दोनच मिळतात, एक टोकियोच्या उपसागरात चाचणी चालू असताना घेतलेला आणि दुसरा १ नोव्हेंबर १९४४ ला खूप उंचावरून गेलेल्या अमेरिकन बी-२९ बॉम्बफेकी विमानाने टिपलेला, ज्यात ती काडेपेटीएवढी दिसते, आणि गंमत म्हणजे त्या फोटोत काय आहे ते अमेरिकनांना तेव्हा कळलंच नाही.

घाई घाई म्हणतात ती नेमकी कसली?

हा माझा आवडता प्रश्न, जरा वेळ काढून वाचा.

मूळ प्लॅन होता १९४५ च्या सुरुवातीला काम पूर्ण करायचं. पण जून १९४४ मध्ये फिलिपीन समुद्राच्या लढाईत ताइहो, शोकाकु आणि हियो अशा अजून तीन विमानवाहू गेल्या आणि वरून हुकूम आला की ऑक्टोबरपर्यंत जहाज पाण्यात पाहिजे. आता ज्यांनी घराचं बांधकाम करून घेतलंय त्यांना माहितीये की बिल्डरला "दिवाळीच्या आत ताबा द्या" म्हटलं की काय होतं. बाहेरून रंग लागतो, आत नळाला पाणी नसतं. इथे तेच झालं, फक्त ७० हजार टनांच्या मापात.

जहाजाच्या पोटात शेकडो बंद कप्पे असतात, एकात पाणी शिरलं तर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. त्यांची हवाबंद चाचणी घ्यायची असते, म्हणजे कप्पा बंद करून हवेचा दाब द्यायचा आणि कुठून फुसफुसतंय का बघायचं. ती चाचणी बहुतेक कप्प्यांची झालीच नाही, वेळ नव्हता. वॉटरटाइट दरवाजे बरेचसे बसलेच नव्हते. आणि भिंतींमधून केबल, पाइप, हवेच्या नळ्या नेण्यासाठी भोकं पाडलेली, केबल गेली पण भोवतीची फट बुजवायची राहिली. आग विझवायच्या आणि पाणी उपसायच्या लाइनींना पंप नव्हते. बारापैकी आठच बॉयलर चालू. हे सगळं जपानच्याच कुरे बंदरात गेल्यावर करू असं ठरलेलं.

त्यात ५ ऑक्टोबरला गोदीतच एक अपघात झाला. सुक्या गोदीच्या तोंडाशी जो लोखंडी दरवाजा असतो तो आतून पोकळ असतो, त्यात पाणी भरून जड करावं लागतं तेव्हा तो जागेवर बसतो, आणि इथे ते भरायचंच राहिलं होतं. गोदीत पाणी सोडताना दरवाजा अचानक उचकटला, बाहेरचा समुद्र धाडकन आत आला आणि एवढं मोठं जहाज गोदीच्या भिंतीवर आदळत राहिलं. पुढचं नाक चेपलं, मागचे पंखे दुखावले, दुरुस्तीत अजून तीन आठवडे गेले. आपल्याकडे असतं तर पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं असतं, नारळ नीट फुटला नाही.

मग असं अर्धवट जहाज बाहेर काढलंच कशाला?

बी-२९ च्या भीतीने. १ नोव्हेंबरला ते विमान वरून फोटो काढून गेलं होतं, २४ नोव्हेंबरला टोकियोवर बी-२९ चा पहिला मोठा हल्ला झाला, आणि योकोसुका टोकियोच्या दाराशी. आज ना उद्या गोदीतच बॉम्ब पडणार हे उघड होतं, म्हणून जहाज कुरे बंदरात न्यायचं, तिथे उरलेलं काम करायचं असं ठरलं. कप्तान तोशिओ आबे यांनी अजून थोडा वेळ मागितला होता, दरवाजे नाहीत, कप्पे तपासलेले नाहीत, खलाशी नवखे आहेत, पण वरून नकार. २८ नोव्हेंबरला संध्याकाळी सहाला शिनानो निघाली. जहाजावर २,५१५ माणसं, त्यातले तीनशेच्या वर गोदीचे कामगार आणि नोकर, म्हणजे प्रवासातही काम चालूच. सोबत ५० ओका (माणूस बसवून सोडायचे रॉकेट-बॉम्ब, परत येणं नाहीच) आणि सहा आत्मघाती मोटरबोटी. राखणीला तीन विनाशिका, इसोकाझे, युकिकाझे आणि हामाकाझे, तिन्ही नुकत्याच फिलिपीन्सच्या मोठ्या लढाईतून दमून आलेल्या.

दिवसा जावं की रात्री यावरून वाद झाला. विनाशिकांच्या कप्तानांना दिवसा जायचं होतं, आबेंना रात्री, कारण वरून विमानाचं संरक्षण मिळणार नव्हतं. माझं मत विचाराल तर त्या वेळी त्यांच्या जागी मीही रात्रच निवडली असती.

तिला बुडवलं कोणी?

अमेरिकन पाणबुडी आर्चरफिश, कप्तान जोसेफ एनराइट. आर्चरफिश हा खाडीतला एक मासा, तोंडातून पाण्याची पिचकारी मारून वरच्या पानावरचा किडा पाडतो. नाव किती चपखल बघा.

एनराइटची स्वतःची एक बोच होती. १९४३ मध्ये डेस नावाच्या पाणबुडीवर असताना त्याच्या हातून शोकाकु निसटली होती, त्याचं त्याला इतकं लागलं की स्वतःहून म्हणाला मला या कामावरून काढा. परत संधी मिळाली ती आर्चरफिशवर. त्यांचं काम काय, तर बी-२९ विमानं समुद्रात पडली तर वैमानिकांना वाचवायचं. २८ ला हल्ला नव्हता म्हणून मोकळे होते, फिरत होते, आणि रात्री पावणेनऊच्या सुमारास रडारवर काहीतरी मोठं दिसलं. इतकं मोठं की आधी बेट वाटलं. मग लक्षात आलं की बेट चालतंय.

पाणबुडी हळू असते ना, मग तिने गाठलं कसं?

गाठलंच नाही, हीच तर खरी मजा. आर्चरफिश पाण्यावरून फार तर १९ नॉट (म्हणजे तासाला १९ सागरी मैल) जायची, शिनानो साधारण २० ने चाललेली. सरळ गेली असती तर पहाटेपर्यंत निसटली असती. पण तीन गोष्टी झाल्या.

रात्री पावणेअकराच्या आसपास इसोकाझेला पाणबुडीचा संशय आला आणि ती रांग सोडून तिच्या दिशेने सुटली. आर्चरफिश पाण्यावरच होती, एनराइट वर उभा राहून बघतोय की विनाशिका आपल्याकडेच येतेय. आणि अचानक इसोकाझे वळली. आबेंनी तिला परत बोलावलं होतं! त्यांना वाटलं ही पाणबुडी आमिष आहे, राखणदारांना दूर ओढायचं आणि मागून पाणबुड्यांची टोळी तुटून पडायची. टोळी नव्हतीच, एकच पाणबुडी होती. पण अंधारात, अर्धवट जहाजावर बसून, नवखी माणसं हाताशी घेऊन त्या माणसाने जो हिशोब केला तो वेड्यासारखा नव्हता, फक्त चुकला.

दुसरं, त्या काल्पनिक टोळीला चुकवायला शिनानो नागमोडी चालत होती, म्हणजे जास्त अंतर कापून पुढे कमी जाणं. तिसरं, साडेअकराच्या जरा आधी एका पंख्याच्या दांड्याचं बेअरिंग तापलं आणि वेग १८ नॉटवर आणावा लागला. तरीही एनराइटला तिच्या पुढे जाता येत नव्हतं, फक्त इंजिनं दामटत समांतर पळत राहिला. मग पहाटे तीनच्या सुमारास शिनानोने वळण घेतलं, थेट त्याच्या दिशेने. शिकार स्वतः चालत दारात आली म्हणा ना.

३ वाजून १५ मिनिटांनी सहा टॉर्पेडो सोडले, तेही मुद्दाम उथळ, तीन मीटर खोलीवर, म्हणजे वरच्या बाजूला भोकं पडली तर जहाज कलंडेल. चार लागले.

फक्त चार? मुसाशीला तर कितीतरी लागले होते म्हणे?

बरोबर, मुसाशीला विमानांचे टॉर्पेडो आणि बॉम्ब मिळून तीसच्या वर तडाखे बसले तेव्हा कुठे ती गेली, शिनानोच्या फक्त एक महिना आधी. त्याच घराण्यातली शिनानो चारात गेली, आणि याचं उत्तर वर दिलंय तेच. भोकं.

चारही उजव्या बाजूला लागले. एक मागे, गार कोठारं आणि रिकाम्या पेट्रोल टाक्यांपाशी, वर झोपलेले इंजिनवाले जागीच गेले. एक पंख्याच्या दांड्याजवळ, तिथलं इंजिनघर भरलं. एक बॉयलरच्या खोलीत, ड्युटीवरचा एकही वाचला नाही. चौथा कॉम्प्रेसरच्या खोलीपाशी. वरच्या चिलखताचा पट्टा आणि खालचा टॉर्पेडो झेलायचा फुगीर भाग जिथे जोडला होता तो सांधा या सगळ्या जहाजांचा कच्चा दुवा होता, उथळ सोडलेले टॉर्पेडो नेमके त्याच पट्टीत बसले. एका ठिकाणी तर स्फोटाने आतला पोलादी एच-बीम सुटला आणि त्यानेच मुसळासारखं मागची भिंत फोडून पुढच्या बॉयलर खोलीत वाट केली.

लगेच बुडाली का?

नाही, साडेसात तास लागले आणि तेच जास्त वाईट. आबेंना वाटलं फार काही झालेलं नाही, एवढं मोठं जहाज, चार टॉर्पेडोंनी काय होतंय, म्हणून वेग कमी न करता तसेच पुढे निघाले. त्या वेगाने पाणी अजून जोरात आत ढकललं गेलं. जहाज दहा अंश कललं, दुसऱ्या बाजूला मुद्दाम पाणी भरून ते सावरायचा प्रयत्न केला, थोडा वेळ वाटलं जमतंय. पण खाली केबलच्या फटींतून पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात झिरपतच होतं, दरवाजा लावायला जावं तर दरवाजाच नाही, उपसायला जावं तर पंप नाही. आणि नवख्या खलाशांना आतले रस्तेच माहीत नाहीत, दहा दिवसांत कोण शिकणार ते.

सकाळी इंजिनं बंद पडली. हामाकाझे आणि इसोकाझे यांनी दोर बांधून ओढायचा प्रयत्न केला, दोघींचं वजन मिळून पाच हजार टन आणि ओढायचं सत्तर हजार टन, रिक्षाने ट्रक टो करण्यातला प्रकार. दोर तुटले. सम्राटांची तसबीर आधी दुसऱ्या जहाजावर हलवली, मग १० वाजून १८ मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम निघाला. उशीर झाला होता. डेकमधल्या विमानांच्या लिफ्टचा खड्डा उघडा होता, जहाज कलंडताना पाणी त्यात ओढलं गेलं आणि पोहत असलेली माणसंही त्याच्याबरोबर आत गेली. १० वाजून ५७ मिनिटांनी सगळं संपलं.

१,४३५ गेले. आबे आणि दोन्ही नेव्हिगेशन अधिकारी जहाजाबरोबरच गेले, उतरले नाहीत. वाचले १,०८०.

वाचलेल्यांचं काय झालं?

घरी नाही पाठवलं. बातमी फुटू नये म्हणून त्यांना कुरेजवळच्या मित्सुकोजिमा नावाच्या छोट्या बेटावर जानेवारी १९४५ पर्यंत ठेवलं. बुडता बुडता वाचलेल्या माणसाला नंतर महिनाभर कोंडून ठेवायचं, मला ही गोष्ट जहाज बुडण्यापेक्षाही जास्त खुपते.

आणि एनराइटला मेडल वगैरे?

मिळालं, नेव्ही क्रॉस, पण आधी त्याच्यावर कोणी विश्वासच ठेवेना. त्याने सांगितलं विमानवाहू बुडवली, ऑफिसात बसलेले म्हणाले टोकियोच्या उपसागरात विमानवाहू नव्हतीच. शिनानो हे नाव चोरून ऐकलेल्या संदेशांत आलं होतं, पण शिनानो नावाची नदीसुद्धा आहे आणि जपानी क्रूझरला (बॅटलशिपपेक्षा लहान युद्धनौकेला) नद्यांची नावं असतात, म्हणून हुशार लोकांनी अंदाज केला की क्रूझर असेल. एनराइटने काय पाहिलं त्याचं चित्र काढून दिलं तेव्हा कुठे २८ हजार टनांची विमानवाहू म्हणून त्याच्या खात्यात जमा केली. खरा आकडा कळला युद्ध संपल्यावर. २ सप्टेंबर १९४५ ला टोकियोच्या उपसागरात जपानने शरणागतीवर सही केली तेव्हा आर्चरफिश तिथे हजर होती. पुढे १९६८ मध्ये तिलाच नेमबाजीच्या सरावात बुडवलं.

सोबतच्या तीन विनाशिका?

हामाकाझे आणि इसोकाझे एप्रिल १९४५ मध्ये यामातोबरोबर गेल्या. युकिकाझे मात्र युद्धातून सहीसलामत सुटली, नंतर चीनला देण्यात आली.

ती गोदी अजून आहे का?

आहे आणि चालू आहे. योकोसुका आता अमेरिकन नौदलाचा तळ आहे, शिनानोसाठी खणलेल्या त्याच सहा नंबरच्या गोदीत आज अमेरिकन विमानवाहू दुरुस्तीला येतात.

मॉडेल कुठून घेतलं, मला पण करायचंय.

तामिया कंपनीचं, १:७०० मापाचं. नवशिके असाल तर धुराड्याला सांभाळा, ते ब्रिजला (जिथून जहाज चालवतात त्या मनोऱ्याला) चिकटून बाहेरच्या बाजूला तिरकं आहे, डेकवर धूर येऊ नये म्हणून मुद्दाम तसं केलेलं, आणि ते सरळच असणार असं समजून मी पहिल्यांदा काटकोनात चिकटवलं होतं, मग ब्लेडने सोडवावं लागलं. नीट बघितलंत तर ओरखडा अजून दिसतो. बारीकसारीक तपशील बरोबर आहेत का म्हणून वाद घालत बसू नका, ताडून बघायला फोटो दोनच आहेत आणि त्यातल्या एकात ती काडेपेटीएवढी आहे.